रसिकांचे तट



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपली परंपरा जुनी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखाद्या विषयाचा विचार करावा, हा रिवाज महाराष्ट्रात पडला. अशा मंचावर राष्ट्राचे अर्थकारण, समाजाची सुधारणा, विज्ञानाची झेप असे भारदस्त विषय शोभतात. त्या मानाने आमचा आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळी मनाशी हसली असतील. गाणे ऐकणारी माणसे आपापसांत भांडतात; ती का भांडतात, कशावरून भांडतात, आणि त्या भांडणातून काही हाती लागते की नाही, एवढाच हा विषय आहे. परंतु ज्या समाजाला गाण्यावरून भांडावेसे वाटत नाही, त्या समाजात गाणे फार दिवस राहत नाही, अशी आमची समजूत आहे. तेव्हा विषय वाटतो तितका हलका नाही.

हे भांडण शोधण्यास फार लांब जावयास नको. २००६ साली आपल्या नाहूरला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले. त्यापूर्वी येथील माणसाला भांडुप किंवा मुलुंड गाठल्यावाचून गाडी मिळत नसे. येथे धीम्या गाड्याच थांबतात. धीम्या गाडीचे तोटे पुष्कळ असतील, पण वादाला तिच्यासारखी सोयीची जागा नाही. बोरीबंदरपर्यंत पाऊण तास सहज जातो. तेवढ्या वेळात मंत्रिमंडळे कोसळतात, क्रिकेटचा संघ निवडून होतो, आणि डब्यात कॉलेजची मुले असली तर जगातला सर्वश्रेष्ठ बॅण्ड कोणता, याचाही निकाल लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खटला पुन्हा पटावर येतो, ही गोष्ट वेगळी.

येथे बॅण्ड म्हणजे वरातीतला बॅण्ड नव्हे, एवढा खुलासा वडीलधाऱ्या मंडळींसाठी करतो. तीनचार तरुण एकत्र येतात, गिटार आणि ड्रम हाती घेतात, आपली गाणी आपणच रचतात आणि आपणच गातात. अशा संचाला रॉक बॅण्ड म्हणतात. या सर्वांत ज्याचे नाव अजून दंतकथेसारखे घेतले जाते तो म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या गावातला बीटल्स. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे ते चौघे. १९६२ साली त्यांची पहिली तबकडी निघाली आणि १९७० साली ते विभक्त झाले. म्हणजे सारा संसार आठ वर्षांचा. त्यांचे प्रतिस्पर्धी रोलिंग स्टोन्स हेही १९६२ चेच. पण त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ गाडा ओढला आणि २०२३ सालीही नवी ध्वनिमुद्रिका काढली. एक तट म्हणतो, आठ वर्षांत ज्यांनी एवढे केले त्यांची बरोबरी कोणी करू नये. दुसरा म्हणतो, आठ वर्षे चमकणे सोपे, साठ वर्षे उभे राहून दाखवा. पुढे लेड झेपेलिनचे भक्त येतात, पिंक फ्लॉइडचे येतात, आणि गाडी विक्रोळीला पोचेपर्यंत डब्यात चार पक्ष तयार होतात. आपल्या मुंबईत १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा धोबीतलावच्या रंगभवनात बरीच वर्षे भरत असे. हे वेड इकडे आजकालचे नाही, हे त्यावरून दिसेल.

हे ऐकून घरातली वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. हे कसले संगीत आणि कसले वाद, असा त्यांचा भाव असतो. त्यांना आम्ही नम्रपणे एवढेच सुचवू इच्छितो की, त्यांच्या आजोबांनी आणि पणजोबांनी हेच केले. त्यांच्या वेळी गिटार नव्हती, ऑर्गन होता. ड्रम नव्हता, तबला होता. आणि बॅण्डऐवजी ‘मंडळी’ असे म्हणत. गंधर्व नाटक मंडळी श्रेष्ठ की ललितकलादर्श श्रेष्ठ, बालगंधर्व की केशवराव भोसले, या प्रश्नावर महाराष्ट्राने जितका श्वास खर्च केला तितका फार थोड्या प्रश्नांवर केला असेल. आजच्या आमच्या विवेचनाचा मुख्य आधार तोच जुना वाद आहे. कारण त्यावर शंभर वर्षांची धूळ बसून गेली आहे आणि आता कोणाचे डोके फुटण्याचा संभव नाही.

प्रथम पात्रपरिचय. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवराव भोसले त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, जन्म १८९० चा. पण त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली ती १९०८ सालीच, हुबळीस, वयाच्या अठराव्या वर्षी. छत्रपती शाहू महाराजांचा लोभ दोघांवरही होता. दोघांनीही स्त्रीभूमिका केल्या, दोघांनीही खाडिलकरांची पदे गायिली, दोघांच्याही नाटकांना रात्री सरून पहाट होई. जेथे इतके साम्य असते तेथेच तुलना पेट घेते. आंबा आणि फणस यांवरून कोणी भांडत नाही. भांडण होते ते रत्नागिरीचा हापूस की देवगडचा हापूस, यावरून.

आता दोन्ही तटांचे म्हणणे ऐका. गंधर्वपक्षाचे म्हणणे असे की, नारायणरावांचा सूर म्हणजे मूर्तिमंत गोडवा. पदातला शब्द ते असा उच्चारीत की त्याचा अर्थ स्वराच्या आधी पोचे, आणि लयीशी त्यांचा खेळ इतका अलगद चाले की श्रोत्याला समेवर आल्यावर कळावे, आपण कोठून कोठे फिरून आलो. केशवरावांच्या पक्षाचे उत्तर असे की, गोडवा ठीक आहे, पण गाण्यात पुरुषार्थ नको काय? केशवरावांचा सूर तळपत वर चढे आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत धार न बोथटता पोचे. त्यांची तान विजेसारखी येई. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाची तालीम त्यांना मिळाली होती. लोकांनी त्यांना ‘संगीतसूर्य’ ही पदवी दिली, ती उगीच नव्हे. एकीकडे चांदणे, दुसरीकडे सूर्य. आणि मध्ये महाराष्ट्रातला रसिक उभा. पुढे मास्टर दीनानाथ आणि त्यांची १९१८ सालची बळवंत संगीत मंडळी येऊन तिसराही तट उभा राहिला. त्याच दीनानाथांच्या दोन कन्यांवरून पुढच्या पिढ्यांनी लता की आशा हा वाद घराघरांत नेला. म्हणजे या बाबतीत आपली परंपरा अखंड आहे.

या वादाच्या पोटात काय होते, ते पाहिले पाहिजे. दोन माणसे ‘श्रेष्ठ’ हा एकच शब्द वापरतात, पण त्यांच्या हातातल्या फूटपट्ट्या निराळ्या असतात. बहुतेक भांडणे येथेच जन्मतात. आम्हांला अशा चार फूटपट्ट्या दिसतात.

पहिली फूटपट्टी कसबाची. आवाज किती चढतो, तान किती स्वच्छ येते, बोटे किती वेगाने चालतात. ही मोजावयास सोपी, म्हणून तरुणांना प्रिय. या पट्टीने केशवराव पुष्कळांना मागे टाकतील. आणि याच पट्टीने बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार नेहमी नापास केला जातो. त्याच्याहून चपळ वादक शेकड्यांनी आहेत, हे खरेच आहे.

दुसरी फूटपट्टी संगतीची. संच म्हणून ती माणसे एकमेकांस किती धरून आहेत, हे ती पाहते. येथे रिंगोचा निकाल फिरतो. तो डावखुरा, उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमवर वाजवी. त्यामुळे त्याचे ठेके काहीसे अनपेक्षित वळणाने येतात, पण गाण्याच्या आड कधी येत नाहीत. संगत म्हणजे मागे राहण्याची विद्या, आणि ती अंगी येणे तानेइतकेच कठीण असते. गंधर्व मंडळीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. बालगंधर्वांचे यश एकट्या गळ्याचे नव्हते. कादरबक्षांची सारंगी त्यांच्या सुराला सूर लावून चाले, ऑर्गनचा भरीव स्वर खाली गालिचासारखा पसरलेला असे, आणि काही काळ तर तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत. थिरकवांसारखा एकट्याच्या वादनाने मैफल जिंकणारा उस्ताद, पण नाटकात तो भामिनीच्या किंवा रुक्मिणीच्या शब्दाला जागा करून देई. ज्याला हे ऐकू येते, त्याची बालगंधर्वांविषयीची भक्ती कमी होत नाही. मात्र ती अधिक शहाणी होते.

तिसरी फूटपट्टी भर घालण्याची. आधी जे नव्हते असे कोणी काय आणले? १९११ सालच्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग नाट्यपदात आणला, १९१६ सालच्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी रागदारी बंदिशींचे वैभव आणले. या चालींमुळे ज्याने कधी मैफलीची पायरी चढली नव्हती अशा कारकुनाच्या, दुकानदाराच्या कानावर राग पडले, आणि महाराष्ट्रात शास्त्रीय गाण्याचा श्रोता तयार झाला. दुसरीकडे केशवरावांनी नाटकाचा विषय पुढे नेला. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या प्रश्नावरचे नाटक त्यांनी १९१६ साली रंगभूमीवर आणले. म्हणजे ज्या साली एका मंडळीने रुक्मिणीचे स्वयंवर लावले, त्याच साली दुसरीने हुंडा घेणाऱ्या बापाला पिंजऱ्यात उभे केले. यांतले थोर कोणते? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पण निदान प्रश्न आता नेमका झाला, हे आपण मान्य कराल.

चौथी फूटपट्टी काळाची. किती दिवस टिकले ती. हीच सर्वांत फसवी. केशवराव एकतिसाव्या वर्षी गेले, बालगंधर्व एकोणऐंशीव्या वर्षी. बीटल्स आठ वर्षे, स्टोन्स साठांवर. आयुष्य ही कलावंताची कमाई नव्हे, हे भाग्य आहे. त्याचे माप त्याच्या पदरात घालणे किंवा त्याच्या विरुद्ध धरणे, दोन्ही अन्यायाचे.

आता त्या रात्रीकडे वळू या, जिच्यासाठी हा सारा प्रपंच. लोकमान्य टिळक १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहिला. त्या फंडाच्या साह्यासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून एक प्रयोग करावा असे ठरले, आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटांचे दर चढे ठेवूनही नाट्यगृह अपुरे पडले. श्रोतेहो, नाटकाचे कथानक आठवा. श्रीमंत बापाची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते, पुढे त्याचा पराक्रम आणि त्याचे मन ओळखते, आणि शेवटी त्याला मान देते. एकमेकांची पारख करण्याचाच तो खेळ. ज्यांच्या नावाने गावोगाव हमरीतुमरी चाले, ते दोघे त्या रात्री समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या पदाला दाद देण्यासारख्या भूमिका करीत होते. नाट्यगृहात शिरताना दोन्ही तट निकालाच्या अपेक्षेने शिरले असतील. निकाल काही लागला नाही. चांदणे आणि ऊन एकाच रंगमंचावर नांदू शकतात, एवढे मात्र लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले.

पुढचा भाग दुःखाचा आहे. या प्रयोगाला तीन महिने पुरे होण्याआधीच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. खटल्यातला एक पक्षकारच उठून गेला. ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी वाहिली, पण तो तळपता सूर पुन्हा समोर उभा राहणार नव्हता.

आणि येथे आमच्या आजच्या म्हणण्याचा गाभा आहे. त्या रात्रीचे गाणे कोणी मुद्रित केलेले नाही. तेव्हाच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. नाट्यगृहातली रात्रभराची मैफल तिच्यात कशी सापडावी? दोघांच्या निराळ्या मुद्रिका आहेत, त्यांवरून सुराचा अंदाज येतो. पण ८ जुलैच्या त्या प्रयोगाचे जे काही आपणांपर्यंत पोचले, ते तेथे बसलेल्या माणसांच्या तोंडून, लेखणीतून आणि भांडणांतून. त्या रसिकांनी घरी जाऊन ‘फार छान झाले’ एवढेच म्हटले असते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते? ते भांडले म्हणून राहिले. एकाने गोडव्याची बाजू मांडली, दुसऱ्याने धारेची. एकाने शब्दोच्चार सांगितला, दुसऱ्याने तान सांगितली. प्रतिपक्षाला पटवावयाचे म्हणून प्रत्येकाला आपण काय ऐकले ते नेमके सांगावे लागले. त्या नेमकेपणातून हे दोन गायक शंभर वर्षे ओलांडून आपल्या समोर उभे राहतात. रसिकांचा वाद ही कलेची एक स्मृती असते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. वाद सैल झाला की स्मृती पुसट होते.

यावर आजचा तरुण हटकेल. तो म्हणेल, तुमच्या काळी मुद्रण नव्हते म्हणून तुमच्या वादाला किंमत. आमच्या खिशातल्या मोबाइलवर बीटल्सचे गाणे न् गाणे आहे; आता साक्षीदार कशाला हवा? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा नाही. बीटल्सच्या बाबतीत ही गोष्ट उलट अधिकच खरी ठरते. १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी जाहीर कार्यक्रमांचे दौरे सोडले आणि सारे लक्ष स्टुडिओत घातले. त्यांची नंतरची कितीतरी गाणी अशी आहेत की ती चौघांनी रंगमंचावर कधी वाजविलीच नाहीत. सर्व काही मुद्रित आहे, अक्षर न् अक्षर जपून ठेवले आहे. तरी साठ वर्षे वाद मिटला नाही. कारण तबकडी आवाज साठविते, त्यातले काय ऐकावे हे ती सांगत नाही. ते माणसाने माणसाला सांगावे लागते.

आपल्या मुंबईचाच एक दाखला देतो. १९६६ साली जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्यापाशी सतार शिकला. पुन्हा १९६८ च्या जानेवारीत तो येथे आला आणि एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांना घेऊन मुद्रण केले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी त्या दिवसांतल्या मुद्रणांत आहे. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसाथ मुंबईत तयार झाली, आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये बीटल्सच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला ते गाणे जगभर गेले. ती तबकडी घरी असणाऱ्या कित्येकांनी पुढचीच बाजू वाजविली असेल. एखाद्या जाणत्या मित्राने वादाच्या भरात ‘अरे, मागची बाजू लाव, आपल्या मुंबईचे वादक ऐक’ असे म्हटले, तरच ती बाजू कानी पडावयाची. मुद्रण असणे आणि ते ऐकले जाणे, या दोहोंमध्ये रसिकाची जीभ असते.

मात्र प्रत्येक वाद असा उपकारक असतो असे नाही. वादाचे दोन रोग आम्हांला दिसतात.

पहिला रोग मोजणीचा. कोणाच्या किती तबकड्या खपल्या, कोणाचे गाणे किती लाख जणांनी पाहिले, कोणाच्या कार्यक्रमाचे तिकीट किती हजारांना गेले. हे आकडे वादात आले की कान उठून निघून जातात. आकडा खोटा असतो असे नव्हे, तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. ‘संयुक्त मानापमान’ला गर्दी लोटली, यावरून मराठी माणसाचे नाटकवेड सिद्ध होते, भामिनीचे पद कसे झाले, हे त्यावरून कळत नाही.

दुसरा रोग अधिक खोल आहे, आणि त्याची किंमत पुष्कळदा कलावंत मोजतो. हा रोग भक्तीचा. तट एकदा पक्का झाला की आपल्या देवाचे सारेच गोड वाटू लागते. गंधर्व मंडळीचा पुढचा इतिहास या दृष्टीने वाचावा. रंगमंचावर उंची शालू, अत्तरे, गालिचे. वैभव असे की आजही कथा सांगतात. पण मंडळी कर्जाखाली वाकत गेली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. युग बदलत होते. १९३५ साली बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात एकनाथांची भूमिका केली. पण मन नाटकातच गुंतलेले, म्हणून ते पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि वय उतरणीला लागल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले. तो सूर पुष्कळ दिवस निष्ठेने साथ देत होता, म्हणून भक्त डोळे मिटून ऐकत. डोळे मिटून ऐकण्यात प्रेम आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या प्रेमात ‘नारायणराव, आता भूमिका बदला’ असे म्हणण्याचे धैर्यही असते तर? टाळी सर्वांना देता येते. खरा अभिप्राय देण्याला तटाबाहेर एक पाऊल टाकावे लागते. विरुद्ध पक्षाशी रोज झुंजणारा रसिक हे पाऊल टाकू शकतो, कारण आपल्या माणसाचे उणे त्याने समोरच्याकडून ऐकलेले असते. ज्याच्यापुढे प्रतिपक्षच नाही, त्या भक्ताला ते कधी ऐकूच येत नाही.

म्हणून वाद कसा घालावा, याविषयी दोनचार व्यावहारिक गोष्टी सांगून आम्ही आटोपते घेऊ. एक, ‘श्रेष्ठ’ म्हणण्यापूर्वी कोणत्या मापाने, ते सांगावे. कसबाने की संगतीने, भर घातली म्हणून की काळजाला भिडले म्हणून. माप सांगितले की निम्मे भांडण जागीच विरते आणि उरलेले ऐकण्याजोगे होते. दोन, पुरावा गाण्यातून द्यावा. अमुक गाण्यातली अमुक जागा ऐक, असे म्हणता आले पाहिजे. जागा दाखविता येत नसेल तर आपण गाणे ऐकले नाही, नाव ऐकले. तीन, प्रतिपक्षाची सर्वांत चांगली वस्तू मागून घ्यावी आणि ती लक्षपूर्वक ऐकावी. त्याची सर्वांत वाईट वस्तू शोधून काढून त्याला हिणवू नये. आणि चार, आपल्या आवडत्याचे उणे आपणच आधी बोलून दाखवावे. त्याने पक्ष दुबळा होत नाही. त्याला वजन येते.

महाराष्ट्राने या वादाचा शेवट कसा केला, तेही पाहण्याजोगे आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले. स्वतः नारायणराव त्याच्या आदल्याच वर्षी, १५ जुलै १९६७ रोजी, निवर्तले होते. समाजाने निकाल दिला नाही, दोघांना दोन घरे दिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जन्मदिवसाच्या पूर्वसंध्येला, कोल्हापुरातल्या त्या नाट्यगृहाला आग लागली आणि ते जळाले, तेव्हा हळहळणाऱ्यांत गंधर्वपक्षाचे आणि भोसलेपक्षाचे असे कोणी वेगळे निवडता आले नसते. वाद घालणाऱ्यांची निष्ठा शेवटी कोणाशी असते, ते अशा वेळी कळते. ती गाण्याशी असते.

आपल्या शेजारी मुलुंडला महाकवी कालिदास नाट्यमंदिर आहे. गाणी ऐकावयास घरोघरी साधने आहेत. वाद घालावयास धीमी लोकल आहे. तेव्हा घरातला मुलगा उद्या बीटल्सचे नाव घेऊन तावातावाने बोलू लागला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याला विचारा, कोणत्या मापाने? त्याला म्हणा, जागा दाखव. तो दाखवील तेव्हा मनापासून ऐका. आणि मग त्याला बालगंधर्वांचे एक पद आणि केशवरावांचे एक पद लावून द्या, आणि त्याचे मत विचारा. तो जे सांगेल ते आपणांला पटणार नाही, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. पण त्या न पटण्यातूनच हे दोन सूर आणखी एका पिढीच्या कानांत शिरतील.

 बाहेर पडल्यावर आपण आमच्या म्हणण्यावरून भांडलात, तर आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.